विलीनीकरणाच्या फाइलीत एक पान कमी आहे

प्रति,
देशोदेशीचे स्पर्धा नियामक आणि विमान वाहतूक खात्यांचे अधिकारी,
ज्यांच्या सहीशिवाय दोन विमान कंपन्या एक होऊ शकत नाहीत त्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरवर काम केलं. आमच्या कंपनीत आधी एक दुसरी कंपनी विलीन झाली आणि काही वर्षांनी ती एकत्र झालेली मोठी कंपनी बंद पडली. दोन्ही दिवशी मी ड्युटीवर होते. पहिल्या दिवशी आम्हाला नवे स्कार्फ मिळाले, नव्या बोधचिन्हाचे बिल्ले मिळाले. ‘आता आपण एवढे मोठे झालोय की कुणाच्याही नोकरीची काळजी करायचं कारण नाही,’ असं सकाळच्या ब्रीफिंगमध्ये साहेबांनी सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही मनापासून वाजवल्या.

दुसरा दिवस जास्त स्पष्ट आठवतो. दुपारपासून फलकावर आमची उड्डाणं एकेक करून ‘रद्द’ दिसायला लागली. काउंटरसमोरची रांग जागची हलेना. रांगेत एक आजोबा होते. भिजू नये म्हणून तिकिटाची छापील प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवली होती. शेजारच्या कंपनीच्या काउंटरकडे बोट दाखवून ते म्हणाले, “ते विमानही तिकडंच जातंय ना, बाई? मग त्यांना सांगा, मला घ्या म्हणून.” मी खरंच उठून तिकडे गेले. त्यांच्या विमानात सात जागा शिल्लक होत्या. आमच्या रांगेत दीडशेच्या वर माणसं होती. त्यात आमच्या कंपनीचं तिकीट स्वीकारू नका, असा निरोप त्यांना सकाळीच आला होता. त्या तिकिटाचे पैसे आमच्याकडून वसूल होतील याची कुणालाच खात्री उरली नव्हती. त्या मार्गावर पूर्वी तीन कंपन्यांची विमानं जात. तिसरी कंपनी म्हणजे आमच्यात विलीन झाली तीच.

हे पत्र त्या सात जागांबद्दल आहे.

विलीनीकरणाचा प्रस्ताव तुमच्याकडे येतो तेव्हा त्या फाइलीत बरंच काही असतं. दोन्ही कंपन्या कोणकोणत्या मार्गांवर एकमेकींशी स्पर्धा करतात, भाडी किती वाढतील, कोणत्या विमानतळावर किती स्लॉट (उडण्या-उतरण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा) एका हातात जातील, खर्चात किती बचत होईल, हे सगळं तुम्ही बारकाईने तपासता. महिनोन्‌महिने तपासता. पण ही एकत्र झालेली कंपनी एखाद्या मंगळवारी सकाळी उडायची थांबली, तर तिच्या प्रवाशांना कोण नेणार, या प्रश्नाचं पान त्या फाइलीत नसतं. भाडं वाढण्याची भीती तुम्ही मोजता, कंपनी थांबण्याची मोजत नाही. मग ती वेळ आली की सरकारं तहान लागल्यावर विहीर खणायला बसतात आणि खणण्याचा खर्च करदात्यांच्या खिशातून जातो.

मोठ्या विमान कंपन्या एकत्र आल्या की त्या बुडू देता येणार नाहीत एवढ्या मोठ्या होतात का? 2008 च्या आर्थिक संकटानंतर हा प्रश्न बँकांबद्दल घरोघर बोलला गेला. विमान कंपन्यांना तो जसाच्या तसा लावता येत नाही, हे मला मान्य आहे. एक मोठी बँक बुडाली तर तिच्यात अडकलेल्या दुसऱ्या बँका तिच्यामागे ओढल्या जातात. विमान कंपनीचं तसं होत नाही. तिची बरीचशी विमानं भाडेपट्ट्यावर घेतलेली असतात, मालक ती परत नेतो आणि दुसऱ्या कंपनीला देतो. वैमानिकाचा परवाना त्याच्या स्वतःच्या नावावर असतो. स्लॉट दुसऱ्याला देता येतात. त्यामुळे कागदावर पाहिलं तर विमान कंपनी बुडू देणं बँक बुडू देण्यापेक्षा सोपं आहे.

आणि मोठमोठ्या कंपन्या बुडाल्याही आहेत. पॅन अ‍ॅमने 1980 मध्ये नॅशनल एअरलाइन्स विकत घेतली. देशांतर्गत जाळं हाती येईल आणि पाय घट्ट रोवले जातील असा हिशेब होता. डिसेंबर 1991 मध्ये पॅन अ‍ॅमचं शेवटचं विमान उतरलं. स्वित्झर्लंडच्या स्विसएअरने नव्वदच्या दशकापासून सबेना, एलटीयू, एओएम, एअर लिबर्टे अशा एकामागून एक कंपन्यांत भागीदारी घेतली. त्यांतल्या बहुतेक आधीपासून तोट्यात होत्या. 2 ऑक्टोबर 2001 ला इंधन पुरवठादारांनी रोख पैसे मागितले, ते कंपनीकडे नव्हते, आणि शेपटीवर राष्ट्रध्वजाचा क्रॉस असलेली ती विमानं जागोजाग उभी राहिली. सरकारने तातडीने पैसे दिले म्हणून एकदोन दिवसांत काही उड्डाणं सुरू झाली. पुढच्याच महिन्यात बेल्जियमची सबेनाही गेली. बुडणाऱ्याला मिठी मारली की दोघंही बुडतात, हे सांगायला विमान वाहतुकीतलं तज्ज्ञ असावं लागत नाही. तरी प्रत्येक पिढीतले संचालक नव्या उत्साहाने ती मिठी मारतात, आणि आपण तिला ‘बळकटीकरण’ म्हणतो.

मोठेपणाने कंपनी वाचत नसेल, तर कशाने वाचते? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या गोष्टीत सापडलं. ती थोडी सविस्तर सांगते.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅन्सेट नावाची जुनी, लोकप्रिय कंपनी होती. एअर न्यूझीलंडकडे तिची अर्धी मालकी होती. उरलेली अर्धी विकायला निघाली तेव्हा सिंगापूर एअरलाइन्सला ती हवी होती, पण पहिला हक्क बजावून एअर न्यूझीलंडने 2000 मध्ये अख्खी अ‍ॅन्सेट ताब्यात घेतली. घेणारी कंपनी घेतलेल्या कंपनीपेक्षा लहान होती. अ‍ॅन्सेटची विमानं जुनी, तऱ्हेतऱ्हेची आणि देखभालीत मागे पडलेली होती. एप्रिल 2001 मध्ये ऐन ईस्टरच्या सुट्टीच्या तोंडावर ऑस्ट्रेलियाच्या सुरक्षा नियामकाने अ‍ॅन्सेटची सगळी बोइंग 767 विमानं जमिनीवर बसवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मी तिच्याकडे परत येणार आहे. वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांत, देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीला नियामक ‘थांबा’ म्हणू शकला, कारण देशात क्वांटास होती आणि नुकतीच सुरू झालेली छोटी व्हर्जिन ब्लूही होती.

सप्टेंबर 2001 मध्ये दोन्ही कंपन्यांचे पैसे संपले. 14 सप्टेंबरला अ‍ॅन्सेट थांबली. सुमारे 16,000 माणसांचा रोजगार गेला. ऑस्ट्रेलियन सरकारने कंपनी वाचवली नाही. कर्मचाऱ्यांची थकलेली देणी देता यावीत म्हणून प्रत्येक विमान तिकिटावर 10 डॉलर अधिभार मात्र लावला. समुद्राच्या पलीकडे न्यूझीलंड सरकारने त्याच संकटात, त्याच व्यवहारात होरपळलेल्या एअर न्यूझीलंडला 88 कोटी 50 लाख न्यूझीलंड डॉलर दिले आणि तिची सुमारे 80 टक्के मालकी स्वतःकडे घेतली.

व्यवहार एक, खड्डा एक, आणि दोन कंपन्यांचं नशीब वेगळं. जी मोठी होती ती मेली, जी लहान होती ती वाचली. कारण ऑस्ट्रेलियात प्रवाशांना न्यायला दुसरं कुणी होतं. न्यूझीलंडसारख्या बेटांच्या देशात एअर न्यूझीलंडची जागा भरून काढेल असं कुणीच नव्हतं. सरकारला तिच्या ताळेबंदाच्या आकाराशी घेणंदेणं नव्हतं. सरकारने पाहिलं ते एवढंच, की ही गेली तर दुसरी कोण?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. विमान कंपनी बुडू न देता येणारी होते ती मोठी झाली म्हणून होत नाही, एकटी उरली म्हणून होते. आणि विलीनीकरण नेमकं हेच करतं, आजूबाजूचं कुणी ना कुणी कमी करतं. तुम्ही सही करता तेव्हा एका कंपनीला मोठं करता, आणि त्याच सहीने संकटाच्या दिवशी उपयोगी पडणाऱ्या रिकाम्या जागाही कमी करता. विमानात जागा रिकामी राहणं कंपनीच्या लेखी तोटा असतो, आणि विलीनीकरणातून जी ‘बचत’ दाखवतात तिचा मोठा हिस्सा या जागा नाहीशा करण्यातूनच येतो. माझ्या शेजारच्या काउंटरवर सातऐवजी सत्तर जागा असत्या तर मी आणखी काही माणसांना त्या संध्याकाळी घरी पाठवू शकले असते, आमच्या तिकिटांचे पैसे देण्याची हमी कुणी घेतली असती तर.

यावर मला नेहमी विचारतात, की अमेरिकेत तर एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांचं दिवाळं निघालं, तिथे कुठे काय थांबलं? हे खरं आहे, आणि ते नीट समजून घेतलं पाहिजे. 2002 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने 180 कोटी डॉलरच्या कर्जहमीसाठी सरकारी मंडळाकडे अर्ज केला होता. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर याच कामासाठी ते मंडळ नेमलं होतं. त्याने डिसेंबरमध्ये नकार दिला. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीला सरकारने ‘नाही’ म्हटलं. काही दिवसांतच युनायटेडने दिवाळखोरी संरक्षण घेतलं आणि फेब्रुवारी 2006 पर्यंत, तीन वर्षांहून जास्त काळ, न्यायालयाच्या देखरेखीखाली उडत राहिली. प्रवाशाला फारसा फरक जाणवला नाही. कर्मचाऱ्यांना जाणवला. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या योजना मोडल्या आणि तो बोजा सरकारी निवृत्तिवेतन विमा महामंडळावर गेला. बुडण्याची किंमत नाहीशी झाली नव्हती, तिने फक्त रांगेतला कमी आवाजाचा माणूस शोधला होता.

पण ते 2002 साल होतं. त्यानंतर डेल्टाने 2008 मध्ये नॉर्थवेस्ट घेतली, 2010 मध्ये युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल एक झाल्या, पुढे साउथवेस्टने एअरट्रान घेतली, 2013 मध्ये अमेरिकन आणि यूएस एअरवेज एक झाल्या. शेवटच्या विलीनीकरणाविरुद्ध अमेरिकेचं न्याय खातं ऑगस्टमध्ये न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबरमध्ये काही स्लॉट सोडून देण्याच्या अटीवर तडजोड करून परत आलं. आज तिथल्या देशांतर्गत वाहतुकीचा सुमारे 80 टक्के भाग चार कंपन्यांकडे आहे. त्या चारांतली एक उद्या हमी मागायला आली, तर 2002 सारखा नकार देण्याचं धैर्य कुणाला होईल?

जपानमध्ये हे घडून गेलं आहे. जपान एअरलाइन्सने 2002 मध्ये देशातली तिसरी मोठी कंपनी, जपान एअर सिस्टिम, आपल्यात सामावून घेतली. मोठ्या कंपन्या तीनाच्या दोन झाल्या. जानेवारी 2010 मध्ये सुमारे 2.3 लाख कोटी येनचं कर्ज घेऊन तिने दिवाळखोरी जाहीर केली. सरकारी मदतीच्या संस्थेने 35,000 कोटी येन घातले, हजारो नोकऱ्या गेल्या, आणि 2012 मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली. एकही दिवस विमानं थांबली नाहीत. जपानचं एक मात्र घेण्यासारखं आहे. प्रतिस्पर्धी एएनएने विचारलं, की आम्ही नीट कारभार केला ही आमची चूक का? 2013 मध्ये हानेदा विमानतळाचे नवे आंतरराष्ट्रीय स्लॉट वाटले गेले तेव्हा एएनएला 11 मिळाले आणि जपान एअरलाइन्सला 5. वाचवलेल्या कंपनीने काहीतरी सोडलं पाहिजे, हे तत्त्व त्यात दिसतं. पण तेही वरातीमागून आलेलं घोडं होतं.

2020 ची साथ मी उदाहरण म्हणून फार ताणणार नाही. विमानं थांबली त्यात कंपन्यांचा दोष नव्हता, आणि मदत लहानमोठ्या पुष्कळ कंपन्यांना मिळाली. तरी दोन गोष्टी सांगते. जर्मनीने लुफ्तान्साला 900 कोटी युरोंची योजना दिली आणि बदल्यात युरोपीय आयोगाने तिला फ्रँकफर्ट आणि म्युनिकचे काही स्लॉट सोडायला लावले. त्या मदतीला आयोगाने दिलेली मंजुरी 2023 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने रद्द केली. तोवर मदत फेडूनही झाली होती. दुसरी गोष्ट एअर फ्रान्स आणि केएलएमची. 2004 मध्ये त्या एक झाल्या तेव्हा दोन देशांच्या ताकदीची भाषा झाली होती. 2020 मध्ये एका समूहासाठी दोन खजिन्यांना हात घालावा लागला, फ्रान्सला 700 कोटी युरोंसाठी आणि नेदरलँड्सला 340 कोटींसाठी. दक्षिण कोरियात तर संकटावरचा उपाय म्हणूनच कोरियन एअर आणि एशियाना एक करायचं ठरलं, आणि त्यासाठी सरकारी विकास बँकेने 80,000 कोटी वॉन दिले. म्हणजे आधी मदत करून वाचवायचं, आणि वाचवताना अशी रचना करायची की पुढच्या वेळी वाचवण्यावाचून इलाज उरू नये.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्याकडे येते. पैशांच्या मदतीची निदान चर्चा होते, आकडा छापून येतो, संसदेत प्रश्न विचारले जातात. एकट्या उरलेल्या कंपनीला मिळणारी दुसरी सवलत शांतपणे, एका परिपत्रकाने मिळते. नियमातून सूट.

डिसेंबर 2025 मध्ये भारतात हेच झालं. वैमानिकांचा थकवा कमी व्हावा म्हणून ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम आले होते. त्यांचा दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरला लागू झाला, आणि त्यात रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा होती. हे नियम येणार हे बराच काळ आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. इंडिगोकडे तेव्हा देशांतर्गत प्रवासी वाहतुकीचा 60 टक्क्यांहून मोठा वाटा होता, दिवसाला 2,200 च्या आसपास उड्डाणं. नव्या नियमांत बसेल असं वैमानिकांच्या ड्युट्यांचं वेळापत्रक तिच्याकडे नव्हतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उड्डाणं रद्द होत गेली आणि 5 डिसेंबरला एका दिवसात 1,000 हून अधिक रद्द झाली. त्याच दिवशी नियामकाने कंपनीला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. सरकारने भाड्यांवर मर्यादा घातली. नंतर कंपनीच्या वेळापत्रकात 10 टक्के कपातही केली.

इंडिगो विलीनीकरणाने एवढी मोठी झालेली नाही, स्वतःच्या कारभाराने झाली. हे मला प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पण तिच्याभोवतीचं मैदान रिकामं कसं झालं तेही पाहा. किंगफिशरने डेक्कन घेतली आणि 2012 मध्ये किंगफिशर थांबली. जेटने सहारा घेतली आणि एप्रिल 2019 मध्ये जेट थांबली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या आणि ती कंपनी पुढची कैक वर्षं सरकारी पैशांवर तगली. एअर इंडिया खासगी हातात गेल्यावर विस्तारा 2024 मध्ये तिच्यात विलीन झाली. दोन समूहांकडे मिळून बाजाराचा सुमारे 90 टक्के भाग उरला. अशा बाजारात 5 डिसेंबरला नियामकासमोर दोनच वाटा होत्या. लाखो लोकांना विमानतळावर बसवून ठेवायचं, किंवा थकव्याचा नियम मागे घ्यायचा.

आता एप्रिल 2001 चा तो ऑस्ट्रेलियन नियामक आठवा. ईस्टरच्या गर्दीत विमानं जमिनीवर बसवणारा. दोघांच्या धैर्याची तुलना करणं अन्यायाचं होईल, कारण त्याच्यापाशी पर्याय होता आणि इथे उरला नव्हता. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. कंपनी एकटी उरली की नाक तिचं दाबायचं असतं आणि दाबलं जातं नियामकाचं. मी वैमानिकांबरोबर काम केलं आहे. पहाटे चारला ब्रीफिंग रूममध्ये टेबलावर डोकं टेकून दहा मिनिटं डोळे मिटणारे फर्स्ट ऑफिसर मी पाहिले आहेत. कॉफीचा कप हातात तसाच असायचा. थकव्याचा नियम त्या डोळ्यांसाठी असतो. तो नियम बाजारातल्या वाट्याच्या हिशेबाने वाकत असेल, तर कंपनीला बुडण्यापासून वाचवण्याचा खरा खर्च पैशांत मोजता येणारच नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय प्रत्येक विलीनीकरण अडवायचं? नाही. तसं म्हणणं मला सोपं गेलं असतं, पण ते खरं नाही. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने जेटब्लूला 380 कोटी डॉलरमध्ये स्पिरिट घेण्यापासून रोखलं. स्वस्त तिकिटांवर अवलंबून असलेल्या प्रवाशांचं नुकसान होईल, हे कारण होतं, आणि ते मला पटलं होतं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पिरिट दिवाळखोरीत गेली, त्यातून बाहेर आली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा गेली. अडवून ठेवलेली अशक्त कंपनीही बाजारात कायम टिकेल असं नाही. दुसऱ्या बाजूला, एअर बर्लिन 2017 मध्ये कोसळली तेव्हा जर्मन सरकारने 15 कोटी युरोंचं तात्पुरतं कर्ज दिलं, विमानं काही आठवडे उडत राहिली, तेवढ्या काळात तिचे तुकडे विकले गेले. सगळे तुकडे लुफ्तान्सालाच मिळू नयेत यावर युरोपीय आयोगाने डोळा ठेवला आणि तिच्यातली निकी ही कंपनी घेण्याचा बेत लुफ्तान्साला सोडावा लागला. सांगायचं एवढंच, की कंपनी नीट मरू देता येते. त्यासाठी वेळ लागतो, पैसा लागतो, आणि तिची जागा घेणारं कुणीतरी जिवंत असावं लागतं.

तुमच्या नेहमीच्या अटींवर माझा फारसा भरवसा नाही, हेही स्पष्ट लिहिते. काही स्लॉट सोडा, अमुक वर्षं अमुक मार्ग चालू ठेवा, या अटींची मुदत संपते आणि मग कंपनी तिला हवं ते करते. डेल्टा आणि नॉर्थवेस्टच्या वेळी एकही हब (जिथे कंपनीची उड्डाणं एकमेकांना जोडली जातात असा तिचा मुख्य विमानतळ) बंद होणार नाही असं सांगितलं होतं. 2013 मध्ये मेम्फिसचं हब संपलं. युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल एक झाल्यावर चार वर्षांच्या आत क्लीव्हलँडचं हब बंद करण्याची घोषणा झाली. त्या शहरांतल्या काउंटरवरच्या बायकांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून मी एकच मागणी करते. 2010 नंतर अमेरिकेत मोठ्या बँकांना आपलं मृत्युपत्र आधीच लिहून द्यावं लागतं. आम्ही कोसळलो तर आमचे व्यवहार कसे गुंडाळायचे, याची योजना नियामकाकडे जमा करावी लागते आणि ती पटली नाही तर नियामक ती परत पाठवतो. विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाला हीच अट लावा. फाइलीतलं जे पान आज नसतं ते मागा, आणि ते येईपर्यंत सही करू नका.

त्या पानावर काय असावं हे काउंटरवरून दिसतं तसं सांगते. आगाऊ घेतलेले तिकिटांचे पैसे कुठे ठेवलेत ते असावं. लोक सहा-सहा महिने आधी तिकीट काढतात, तो पैसा कंपनी इंधनात आणि पगारात वापरते, आणि कंपनी बुडाली की ज्यांचे पैसे तिच्याकडे अडकलेत त्यांच्या रांगेत प्रवासी पार शेवटी उभा राहतो. त्या पैशांचा ठरावीक भाग वेगळ्या विश्वस्त खात्यात असला पाहिजे, म्हणजे शेजारच्या कंपनीला ‘या तिकिटाचे पैसे मिळतील’ असं कुणीतरी सांगू शकेल. ब्रिटनमध्ये पॅकेज सहलींसाठी अशी संरक्षण व्यवस्था आहे. सप्टेंबर 2019 मध्ये थॉमस कुक बंद पडली तेव्हा परदेशात असलेल्या दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवाशांना दोन आठवडे विमानं भाड्याने घेऊन परत आणलं गेलं. त्याआधी 2017 मध्ये मोनार्कच्या हजारो प्रवाशांना आणलं होतं. या दोन्ही त्यांच्या देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपन्या नव्हत्या, तरी जगभरातून विमानं गोळा करावी लागली. सगळ्यात मोठीच थांबली तर एवढी विमानं मिळणार कुठून? ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीने 2019 मध्ये सुचवलं होतं, की बुडणाऱ्या कंपनीचीच विमानं आणि तिचेच कर्मचारी काही दिवस चालू ठेवून लोकांना घरी आणावं. ही सूचना मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. आम्ही त्या दिवशी काउंटरवरच होतो, वैमानिक क्रू रूममध्ये होते, विमानं बाहेर उभी होती. सगळं होतं, फक्त पुढचे दहा दिवस इंधनाचं बिल कोण भरणार हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं.

त्या पानावर कर्मचाऱ्यांची देणी असावीत, निवृत्तिवेतनासह. संकटात कोणते स्लॉट आपोआप सुटून दुसऱ्याकडे जातील ते आज लिहिलेलं असावं, मदतीची बोलणी चालू असताना नव्हे. आणि सुरक्षेच्या नियमांतून सूट मागणार नाही, ती मागण्याची वेळ आली तर आधी वेळापत्रक कमी करू, असं कंपनीने सहीनिशी लिहून द्यावं. शेवटी तुम्ही स्वतः एक ओळ लिहावी. ही कंपनी थांबली तर पहिल्या आठवड्यात तिच्या शंभरातल्या किती प्रवाशांना इतर कंपन्या नेऊ शकतील, तो आकडा. तो फारच लहान आला, तर ते विलीनीकरण कितीही फायद्याचं दिसो, तुम्ही मंजुरीबरोबर सरकारी खजिन्याचा कोरा धनादेशही देताय हे तुमच्या लक्षात येईल.

त्या संध्याकाळी आजोबांना सातातली एक जागा मिळाली. त्यांच्या मुलाने फोनवरून नव्याने पैसे भरले. जुनं तिकीट त्यांनी पुन्हा त्याच पिशवीत नीट घडी करून ठेवलं आणि मला विचारलं, हे पैसे परत मिळायला अर्ज कुठे करायचा. मी त्यांना आमच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता लिहून दिला. ते कार्यालय त्या दिवशी दुपारीच बंद झालं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आपली,
विमानतळावरची एक माजी काउंटर कर्मचारी